पेटीतील लुगडे आणि गोधडीतील लुगडे

गेल्या काही वर्षांपासून आमच्या परिसरातील धर्मग्रामांत एक नवी प्रथा रुजू लागली आहे. पॅरिशच्या सणाच्या सायंकाळी जो करमणुकीचा कार्यक्रम होतो, त्यात जुन्या पेहरावांसाठी एक स्वतंत्र भाग राखलेला असतो. तरुण मुली आजीची, पणजीची वस्त्रे अंगावर चढवून रंगमंचावर येतात, चार पावले चालतात, वळून उभ्या राहतात. निवेदिका त्या पेहरावाचे नाव सांगते, टाळ्या होतात आणि पुढची मुलगी येते. समोर बसलेल्या आयांच्या आणि मावश्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. आम्हीही त्या टाळ्यांत सामील असतो. तेव्हा पुढे जे लिहीत आहोत ते दुरून पाहणाऱ्याने काढलेले दोष नव्हेत, हे आरंभीच सांगून ठेवतो.

कल्याणच्या पुढे मध्य रेल्वेच्या मार्गावर ओळीने वसलेली उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही नगरे बाहेरून आलेल्या माणसांनी भरलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिले. कारखान्यातील नोकरी आणि परवडणारी खोली यांच्या शोधात आमची ख्रिस्ती कुटुंबेही याच पट्ट्यात येऊन स्थिरावली. कोणी वसईहून आले, कोणी गोव्याहून, कोणी मंगळूरहून वा केरळातून, तर कोणी अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, खेड्यांतून. म्हणूनच आमच्या रंगमंचावर एकाच सायंकाळी तांबड्या चौकटीचे लुगडे, गोव्याचा पानो-भाजू, मंगळुरी वधूचा तांबडा सादो, पाठीमागे पंख्यासारख्या निऱ्या काढलेला केरळीय चट्टा-मुंडू, नगरकडील काष्ट्याची नऊवारी आणि आईच्या तरुणपणातील ठिपक्यांचा फ्रॉक असे सर्व काही पाहावयास मिळते. असे दृश्य एका गावच्या धर्मग्रामात क्वचितच दिसेल.

अशाच एका कार्यक्रमाच्या तयारीत असताना आम्ही अंबरनाथच्या एका वयोवृद्ध भगिनीला सहज विचारले, "मावशी, तुमचे जुने लुगडे असेल ना? नातीला नेसवा की!" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "फादर, ते लुगडं स्टेजवर नेसायचं नव्हतं हो. त्या लुगड्यात मी बाजारात बसून भाजी विकली. ते आता कुठे असायचं?"

या उत्तराने आम्हांला विचारात पाडले. मावशींना नकार द्यावयाचा नव्हता. त्यांनी केवळ वस्तुस्थिती सांगितली होती. ज्या लुगड्यात त्यांचे आयुष्य गेले, ते लुगडे दाखवण्यासाठी शिल्लकच राहिले नव्हते. मग रंगमंचावर आम्ही ज्यांना आजीची आठवण म्हणतो, ती वस्त्रे नेमकी कशाची आठवण देतात आणि कशाची देत नाहीत? या प्रश्नाचा विचार आमच्या घरातील छायाचित्रसंग्रह आणि वेशभूषेवरील दोन ग्रंथ यांच्या आधारे करावा, एवढाच या लेखाचा हेतू.

जे टिकले आणि जे टिकले नाही

आपल्या घरांत कापडाचे आयुष्य कसे असे, हे प्रथम आठवून पाहावे. नवे लुगडे आधी मिस्सेला आणि लग्नकार्याला नेसावयाचे. त्याचा रंग उतरला की ते घरात वापरावयाचे, आणखी विरले की शेतात व बाजारात. काठ फाटले म्हणजे दांड घालून दोन जुन्यांचे एक करावयाचे. त्यानंतर मऊ झालेल्या भागाची तान्ह्या मुलासाठी दुपटी निघत, उरलेल्या पट्ट्या एकावर एक रचून गोधडी शिवली जाई, आणि त्यातूनही जे राहील ते चुलीवरचे भांडे उतरवण्याचे फडके होई. कापड मरेपर्यंत वापरणे हाच घरोघरचा नियम होता, आणि त्या नियमाचे पालन स्त्रियाच करीत.

या नियमातून फक्त काही वस्त्रे सुटली. लग्नाची साडी, मुलाच्या स्नानसंस्काराच्या वेळी नेसलेले रेशमी वस्त्र, मुंबईच्या मालकिणीने दिलेला म्हणून न वापरलेला फ्रॉक. ही वस्त्रे डांबराच्या गोळ्यांसह पत्र्याच्या पेटीत गेली व तेथेच राहिली. म्हणजे जे टिकले ते फारसे वापरले गेले नाही, आणि जे वापरले गेले ते टिकले नाही. जुन्या पेहरावांच्या प्रत्येक प्रदर्शनाविषयी, प्रत्येक संग्रहालयाविषयी आणि प्रत्येक पेटीविषयी हे साधे सत्य लक्षात ठेवले पाहिजे. पेटी आपल्याला आजीचे सण दाखवते. तिचे वार मात्र गोधडीत गेलेले असतात.

याचा अर्थ पेटीतील वस्त्र खोटे आहे असा नव्हे. सणही आयुष्याचाच भाग होय. किंबहुना कष्टाच्या आयुष्यात सणाला अधिक मोल असते. परंतु तीनशे पासष्ट दिवसांपैकी पाच दिवसांच्या वस्त्रांवरून आपण एका स्त्रीचे चित्र रेखाटू लागलो, तर ते चित्र देखणे होईल आणि ती स्त्री त्यातून निसटून जाईल.

भिंतीवरचे छायाचित्र

छायाचित्रांचेही असेच आहे. आमच्या धर्मग्रामातील घरांना आशीर्वाद देण्यासाठी फिरताना पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी लग्नाचे कृष्णधवल छायाचित्र हमखास दिसते. मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा, बाजूला फुलदाणी, वराच्या अंगावर सूट, वधूच्या अंगावर पांढरा झगा आणि मस्तकावर जाळीचे आच्छादन. हा पांढरा झगा आपल्याला अनादी काळापासूनची ख्रिस्ती परंपरा वाटतो. वस्तुतः १८४० साली इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने आपल्या विवाहात पांढरा पोशाख केला आणि त्यानंतर तो रंग हळूहळू वधूचा म्हणून युरोपात रूढ झाला. आपल्याकडे तो आला तेव्हा वसईच्या किंवा मंगळूरच्या वधूचा तांबडा रंग मागे सरला. आज रंगमंचावर एक मुलगी पणजीचे तांबडे वस्त्र लेऊन येते आणि दुसरी आजीचा पांढरा झगा. दोघींना आपण 'परंपरा' हे एकच नाव देतो, पण त्यांतील एक वस्त्र दुसऱ्याच्या जागी आलेले असते.

त्या पांढऱ्या झग्याविषयी आमच्या कानावर आलेली हकीकत मात्र छायाचित्रापेक्षा अधिक बोलकी आहे. अनेक घरांत झगा एकच असे व तो बहिणी-बहिणींत, आतेमामे बहिणींत आणि कधी शेजारणींतही फिरे. एकीसाठी शिवण उसवावयाची, दुसरीसाठी टाके घालून आवळावयाचा, तिसरीसाठी खालची घडी सोडावयाची. बदलापूरच्या एका कुटुंबात तीन बहिणींची तीन छायाचित्रे एका भिंतीवर आहेत आणि तिन्हींत झगा तोच आहे. छायाचित्रांत ते कळत नाही. आतली शिवण पाहिली म्हणजे कळते. आणखी एक गंमत अशी की, कृष्णधवल छायाचित्रात रंग नसल्यामुळे दोन वृद्ध बहिणी आईच्या साडीच्या रंगावरून अजूनही वाद घालतात. एक म्हणते अंजिरी, दुसरी म्हणते वांगी. आम्हांला वाटते की, हा वाद हीच त्या छायाचित्राची खरी संपत्ती. वाद घालणाऱ्या दोघी गेल्या म्हणजे मागे केवळ करडा रंग उरेल.

नावे नसलेल्या स्त्रिया

आता ग्रंथांकडे वळू. १९२० साली ऑटो रॉथफील्ड या इंग्रज अधिकाऱ्याचे 'विमेन ऑफ इंडिया' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्यासाठी चित्रे काढली ती महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी. धुरंधर (१८६७–१९४४) हे जे. जे. कलाशाळेत घडलेले, पुढे तेथेच शिकवणारे थोर चित्रकार. या पुस्तकातील त्यांच्या रंगीत चित्रांची संख्या ४८ आहे. नेसण्याची तऱ्हा, पदराचा झोक, काष्ट्याची ठेवण, डोईवरच्या ओझ्याने मानेला येणारा ताठा हे सारे धुरंधरांनी ज्या बारकाईने टिपले आहे, त्याला तोड नाही. ज्यांना पणजीच्या काळातील नेसणे समजून घ्यावयाचे असेल, त्यांनी ही चित्रे अवश्य पाहावीत. शिवाय त्यांत श्रमणाऱ्या स्त्रियाही आहेत. म्हणजे आमच्या पेटीत जे नाही ते येथे काही अंशी सापडते.

तथापि एक उणीव मनाला टोचत राहते. या चित्रांतील स्त्रिया जातीच्या, जमातीच्या, धंद्याच्या वा प्रांताच्या नावाने ओळखल्या जातात. त्यांना स्वतःचे नाव नाही. चित्रकाराच्या समोर कोणीतरी उभी राहिली असेल, तिचे पाय दुखले असतील, तिला घरी जाण्याची घाई असेल. पण ग्रंथाला ती हवी आहे ती केवळ नमुना म्हणून. राज्यकर्त्यांना प्रजेची मोजदाद करावयाची असते व मोजदादीत माणसाचा नमुना होतो, हे समजण्यासारखे आहे. परंतु आमचा रंगमंचही हेच करीत नाही काय? निवेदिका 'वसईचा पेहराव', 'गोव्याचा पेहराव' असे पुकारते. ते लुगडे कोणाचे, ती कोणत्या गावची, तिने ते कोणत्या पैशांतून घेतले, याचा उच्चार होत नाही. नात चार पावले चालते, आणि आजी नावाशिवाय निघून जाते.

'मोडा गोवा' : एक मोलाचा ग्रंथ

या पार्श्वभूमीवर वेंडेल रॉड्रिक्स यांच्या 'मोडा गोवा' या इंग्रजी ग्रंथाचे महत्त्व ध्यानात येते. रॉड्रिक्स (१९६०–२०२०) हे मूळचे गोव्याचे, मुंबईत माहीमला वाढलेले, आपल्याच समाजातील वस्त्रकार. त्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात त्यांनी गोव्याच्या वेशभूषेचा इतिहास प्राचीन काळापासून आजपर्यंत मांडला आहे. पुढे कोलवाळ येथील आपले जुने राहते घरही त्यांनी वेशभूषेच्या संग्रहालयासाठी दिले. नव्या वस्त्रांवर नाव मिळवलेल्या माणसाने जुन्या वस्त्रांसाठी इतकी वर्षे खर्ची घालावीत, ही गोष्ट सामान्य नाही.

ग्रंथाचा सर्वांत मोठा गुण असा की, लेखकाला कापड हाताने कळते. इतिहासकार कागद वाचतो. रॉड्रिक्स शिवण वाचतात. पानो-भाजू हे गोव्यातील सुखवस्तू ख्रिस्ती घराण्यांतील स्त्रियांचे वस्त्र. खाली गुंडाळलेला पानो, वर जरीकाम केलेला सैल भाजू, खांद्यावर तुवालो आणि हातात पंखा. मांडो नाचताना ते आजही नेसले जाते. या देखण्या वस्त्राबरोबरच रॉड्रिक्स यांनी कुणबी स्त्रीच्या साध्या सुती साडीचाही तितक्याच आदराने विचार केला, हे आम्हांला विशेष वाटते. तांबड्या चौकटीची ही साडी गुडघ्याच्या थोडी खाली येईल अशी आखूड नेसत व खांद्यावर गाठ मारीत. भातखाचरातील चिखलात उभे राहणाऱ्या स्त्रीला निऱ्यांचा घोळ परवडणारा नव्हता. गाठीमुळे दोन्ही हात मोकळे राहत. ही साडी विस्मृतीत जात असताना रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा विणून घेतली. गोधडीत जाणाऱ्या वस्त्राला त्यांनी सन्मान दिला.

येथेच आमची एक शंका आहे. नव्याने विणताना त्यांनी ही साडी लांब केली, तिचे रंग बदलले आणि ती शहरी स्त्रीला नेसता येईल अशी बनवली. विणकराच्या हाताला काम मिळावयाचे तर हे करणे भागच होते, हे आम्ही जाणतो. परंतु आखूडपणा हाच त्या वस्त्राचा अर्थ होता. तो गेला की चौकट राहते, चिखल जातो. दिवाणखान्यातील स्त्री ती साडी नेसून सुंदर दिसेल. पण आपण कोणाचे वस्त्र नेसलो आहोत हे तिला कोणीतरी सांगावे लागेल. यासाठी वस्त्राबरोबर ग्रंथही हवा. रॉड्रिक्स यांनी दोन्ही दिले म्हणून त्यांचे पुनरुज्जीवन प्रामाणिक ठरते. ज्या बाजारात केवळ वस्त्र मिळते आणि गोष्ट मिळत नाही, तेथे मात्र ही शंका खरी होते.

गोव्याच्या वेशभूषेचा विचार करताना आम्हा ख्रिस्ती वाचकांना आणखी एका गोष्टीकडे पाठ फिरवता येत नाही. १७३६ साली गोव्याच्या धर्मन्यायालयाने एक हुकूम काढून ख्रिस्ती झालेल्यांच्या अनेक देशी चालीरीतींना बंदी केली. त्यात पुरुषांनी धोतर नेसणे आणि स्त्रियांनी चोळी घालणे यांचाही समावेश होता. अनंत काकबा प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या धर्मन्यायालयाचा इतिहास मांडला आहे. श्रद्धा शिवणीत असते असे मानण्याची ही चूक होती, आणि धर्मगुरू या नात्याने ती चूक मान्य करण्यास आम्हांला संकोच वाटत नाही. हुकुमाने सारे बदलले असेही झाले नाही. स्त्रियांनी जमेल तितके टिकवले, जमेल तितके बदलले. चर्चला जाताना अंगावरून घ्यावयाची पांढरी ओल गोव्यातील स्त्रियांनी वापरली आणि आमच्या ईस्ट इंडियन भगिनींनीही. १८८७ साली, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ज्या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे इंग्रजी नाव धारण केले, त्या समाजाच्या स्त्रियांनी लुगडे मात्र सोडले नाही. पुरुषांनी नाव बदलले, स्त्रियांनी नेसणे राखले!

या संदर्भात पंडिता रमाबाईंचे स्मरण होते. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या व तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला; पुढे त्या अमेरिकेत राहिल्या. त्या आमच्या धर्मसभेच्या नव्हत्या. तरीही परदेशात असतानाही त्यांनी साडी सोडली नाही आणि शाकाहारही सोडला नाही, ही गोष्ट प्रत्येक भारतीय ख्रिस्ती स्त्रीने अभिमानाने सांगावी अशी आहे. ख्रिस्ताचा स्वीकार केला म्हणून आजीचे लुगडे टाकावे लागत नाही, हे त्यांनी कोणताही वाद न घालता, केवळ नेसून दाखवून दिले.

लुगडे सोडणे ही बेइमानी नव्हे

जुन्या पेहरावांचे कौतुक करताना एक अन्याय नकळत घडतो. ज्यांनी ते पेहराव सोडले त्या स्त्रियांवर परंपरा बुडवल्याचा ठपका येतो. वास्तविक नऊवारीचा काष्टा हाच मुळी श्रमासाठी होता. चालता यावे, वाकता यावे, चढता यावे म्हणून. त्याच कारणासाठी पुढच्या पिढीने तो सोडला. महायुद्धाच्या काळात कापड नियंत्रणाखाली आले, १९४३ साली सरकारने त्यासाठी हुकूम काढला, आणि 'कंट्रोलचे कापड' हा शब्द घरोघरी आला. नऊ वारांऐवजी सहा वारांत भागवणे सोयीचे झाले. मग खटावची वायल आली, नायलॉन आले. १९५६ साली येथेच, शहाडला, सेंच्युरी रेयॉनचा कारखाना सुरू झाला. लाकडाच्या लगद्यापासून काढलेल्या या चकचकीत धाग्याला लोक नकली रेशीम म्हणत. ज्या घरात खरे रेशीम कधी आले नसते, तेथे या धाग्याच्या साडीने लग्ने साजरी झाली. त्या साडीला आज जुन्या वस्त्रांच्या प्रदर्शनात कोणी मान देत नाही, कारण ती यंत्राची. आम्हांला मात्र वाटते की, आमच्या पट्ट्यातील कामगार कुटुंबांचे खरे वारसावस्त्र तेच होय.

त्यानंतरचा बदल बदलापूर लोकलने घडवला. सकाळच्या गर्दीत दाराच्या दांड्याला धरून उभ्या राहणाऱ्या स्त्रीला साडीचा घोळ जीवावरचा वाटू लागला आणि तिने पंजाबी पोशाख घेतला. तिच्या मुलीने जीन्स घेतली. ती कदाचित उल्हासनगरातच शिवलेली असेल व तिचे धागे आमच्याच एखाद्या शेजारणीने घरबसल्या कापले असतील. आखूड कुणबी साडी, काष्ट्याचे लुगडे, पंजाबी पोशाख, जीन्स या चौघींमध्ये एक नाते आहे: हात मोकळे हवेत, पाय मोकळे हवेत.

उल्हासनगरच्या गजानंद मार्केटसारख्या कापडबाजारांच्या या मुलखात आता शिवलेली नऊवारीही मिळू लागली आहे. ती पायजम्यासारखी चढवावयाची आणि बाजूने बांधावयाची. तिला हसणारे पुष्कळ आहेत. आम्ही हसणार नाही, कारण तिच्यामुळे मुली निदान त्या वस्त्राजवळ येतात. मात्र तिच्यात एक गोष्ट हरवते. नेसणे ही पुस्तकात न मावणारी विद्या आहे. आजी नातीच्या मागे उभी राहून, तोंडात पिन धरून, कमरेशी निरी खोचत असे. त्या वेळी तिचे हात बोलत आणि मधूनमधून तीही बोले. गोष्टी तेव्हाच सांगितल्या जात. शिवलेल्या नऊवारीला पाच मिनिटे लागतात, व त्या पाच मिनिटांत आजी खुर्चीवर बसून असते.

आमची स्वतःची गोष्ट

हे सारे आम्ही दुसऱ्यांविषयी लिहिले. स्वतःविषयी न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आम्ही सेमिनरीत असताना ठराविक रविवारी घरच्यांना भेटावयास येण्याची परवानगी असे. एका रविवारी आमची आई वसईहून एकटीच आली. तांबड्या चौकटीचे लुगडे, मोठ्या काठाची चोळी, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत सुकेळी. समोरच्या दालनात इतर विद्यार्थ्यांच्या आया बसल्या होत्या. कोणी साडीत, कोणी फ्रॉकमध्ये. इंग्रजीतून बोलणे चालले होते. आम्ही तिला त्या दालनात नेले नाही. आत गर्मी होते असे सांगून मागच्या व्हरांड्यात बसवले. तिने काही विचारले नाही. सुकेळी दिली, घरची खुशाली सांगितली आणि गेली.

पुढच्या भेटीच्या रविवारी ती सहावारी साडी नेसून आली. साडी शेजारणीची होती. सवय नसल्यामुळे निऱ्या पायांत येत होत्या व ती एका हाताने त्या सावरीत चालत होती. त्या दिवशीही ती काही बोलली नाही. आम्हीही बोललो नाही. कोणी आमच्यावर सक्ती केली नव्हती, कोणी तिला हसले नव्हते. लाज आमचीच होती. पुढे पुष्कळ कबुलीजबाब ऐकले, पण ही एक गोष्ट तिच्यापाशी कबूल करावयाची राहून गेली.

आई गेल्यानंतर तिच्या पेटीत लग्नाची साडी निघाली. तांबडे लुगडे एकही नव्हते. बहिणीने सांगितले की, ती सर्व गोधडीत गेली. ती गोधडी आज आमच्या खोलीत आहे. एका कोपऱ्यात तांबडी चौकट अजून ओळखू येते. ते त्या रविवारचेच लुगडे की दुसरे, हे सांगणारे आता कोणी नाही. तेव्हा रंगमंचावर एखादी मुलगी तांबडे लुगडे नेसून अभिमानाने चालते, तेव्हा आमच्या टाळ्यांत आनंदाबरोबर दुसरेही काही असते. जे आम्ही मागच्या व्हरांड्यात बसवले, ते ती समोरच्या दालनात आणीत आहे.

टबीथेची वस्त्रे

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात यापो येथील टबीथा, म्हणजे दुर्कस, हिची हकीकत आहे. ती मरण पावली तेव्हा संत पेत्राला बोलावण्यात आले. तो माडीवर गेला असता सर्व विधवा त्याच्याभोवती रडत उभ्या राहिल्या आणि दुर्कसने त्यांच्यासाठी केलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. या प्रसंगावर आम्ही अनेक वेळा प्रवचन केले आहे. परंतु त्यातील वस्त्रांकडे अलीकडेच नीट लक्ष गेले. त्या विधवांनी वस्त्रांचे प्रदर्शन मांडले नव्हते. ती वस्त्रे भारी होती असेही नाही. गरीब विधवांसाठी शिवलेली, रोजच्या वापराची ती असणार. त्यांनी पेत्राला कापड दाखवले, पण सांगितले ते तिच्याविषयी. वस्त्र आणि व्यक्ती यांची तेथे ताटातूट झालेली नाही. जुन्या वस्त्राकडे कसे पाहावे, याचा याहून चांगला पाठ आम्हांला ठाऊक नाही.

म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांना आमची विनंती अशी की, कार्यक्रम अवश्य करावेत. पण निवेदिकेने पेहरावाच्या नावाआधी तो नेसणाऱ्या स्त्रीचे नाव घ्यावे. पेटीतील प्रत्येक वस्त्रासोबत एक चिठ्ठी ठेवावी: हे कोणाचे, कोणी घेतले, कोणत्या सणाला नेसले, नंतर कोणाकोणाच्या अंगावर गेले. छायाचित्राच्या पाठीमागे रंग लिहून ठेवावा. वाद असेल तर दोन्ही रंग लिहावेत. आणि पुढच्या खेपेस त्या रंगमंचावर एखादी गोधडीही यावी. ती अंगावर घेऊन चालता येणार नाही. दोघींना धरून उभे राहावे लागेल. मग आजीने उठून एकेका तुकड्यावर बोट ठेवावे आणि सांगावे, हे कोणते, हे कोणाचे.

अंबरनाथच्या त्या मावशींना आम्ही पुन्हा भेटलो व हे सांगितले. त्या हसल्या. म्हणाल्या, "गोधडी आहे हो फादर. पण ती धुवायला हवी आधी."